दूरच्या वाटेची फटफटी

फटफटी घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो तो "किती सी.सी.ची?" आणि दुसरा "अ‍ॅव्हरेज किती देते?" रोज शाळेत जाऊन येण्यासाठी किंवा बाजारहाटासाठी गाडी हवी असेल तर हे दोन प्रश्न पुरे आहेत. पण अलीकडे आपल्याकडे एक निराळाच शौक वाढीला लागला आहे. दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुटी लागली की नवराबायको, दोघे भाऊ, दोघे मित्र फटफटीला बोचकी बांधून आठ-आठ दिवस बाहेर पडतात. कोणी कोकण धरतो, कोणी गोकर्ण-हंपी करून येतो, एखादा थेट लडाख गाठतो. अशा प्रवासासाठी गाडी निवडायची तर ते दोन प्रश्न अपुरे पडतात, आणि अपुऱ्या प्रश्नांवर दोन-अडीच लाख रुपये खर्च होऊन बसतात. म्हणून आज या निवडीविषयी थोडे तपशिलात शिरून बोलावे असे योजले आहे.

आमच्या परिचयाचे एक माध्यमिक शिक्षक आहेत. गणित शिकवतात, म्हणजे हिशेबाला कच्चे नव्हेत. त्यांनी कर्ज काढून एक उंच, रुबाबदार, जोरकस इंजिनाची गाडी घेतली आणि पहिल्याच दिवाळीत पत्नीला मागे बसवून कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे निघाले. मागच्या कॅरियरवर मोठी पत्र्याची पेटी, तिच्यावर तंबू, तंबूवर चादरी. घाटात एका वळणावर समोरून एस.टी. आली म्हणून ते थांबले. उतार डावीकडे होता. डावा पाय खाली टेकवायला गेले तो पाय पोहोचेचना. गाडी सावकाश कलली, आणि एकदा कलल्यावर दोनशे किलोचे धूड अधिक ओझे कोण सावरणार? ताशी शून्य किलोमीटर वेगाने झालेला अपघात तो! पण बाईंचा घोटा गाडीखाली सापडला आणि सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला. वर्ष व्हायच्या आत गाडी विकली, कर्जाचे हप्ते मात्र पुढे दोन वर्षे चालले. त्या गाडीत काही खोट नव्हती बरे का. ती त्यांच्या मापाची आणि त्यांच्या ओझ्याची नव्हती, इतकेच.

तेव्हा आपण सुरुवात इंजिनापासून न करता ओझ्यापासून करू.

पण त्याआधी 'मध्यम' म्हणजे काय, ते ठरवून टाकू. युरोप-अमेरिकेत साडेसहाशेपासून नऊशे सी.सी.पर्यंतच्या गाडीला मध्यम म्हणतात. आपल्याकडे तो हिशेब लागू नाही. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली आणि ३५० सी.सी.ची बुलेट इथे तयार होऊ लागली, तेव्हा ती मोठी गाडी समजली जाई. १९६१पासून म्हैसूरला बनू लागलेली जावा २५० सी.सी.ची होती, आणि तिच्यावरही लोकांनी मुलूख पालथा घातला. आज आपल्या रस्त्यांवर अडीचशेपासून साडेचारशे सी.सी.पर्यंतच्या गाडीला मध्यम म्हणावे. २०१६ साली आलेली रॉयल एन्फील्डची हिमालयन ४११, २०२३च्या अखेरीस तिची जागा घेणारी हिमालयन ४५०, २०२० साली आलेल्या केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर, होंडाची हायनेस आणि रॉयल एन्फील्डची मिटिऑर, २०२२ची सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि त्याच वर्षीची येझ्दी अ‍ॅडव्हेंचर ही त्या वर्गातली माहितीची नावे. यांपैकी अमुकच घ्या असे मी सांगणार नाही. घ्यायची कशी, ते सांगतो.

आता ओझे. प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तकात दोन आकडे छापलेले असतात. एक तयार गाडीचे वजन; यात टाकीतले पेट्रोल बहुधा धरलेले असते. दुसरा, माणसे आणि सामान धरून गाडीचे जास्तीत जास्त किती वजन चालेल त्याचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरते ती गाडीची खरी वाहण्याची ताकद. या वर्गातल्या गाड्यांत ती साधारणपणे दीडशे ते दोनशे किलोच्या दरम्यान येते. जाहिरातीत हा आकडा कोणी छापत नाही आणि दुकानातला विक्रेताही आपण होऊन सांगत नाही. माहितीपुस्तक मागून घ्या आणि वजाबाकी तिथेच करा.

मग घरी या आणि स्वतःला तोला. शाळेत मुलांची वजने घेण्याचा काटा असतो, तो या कामी उत्तम. समजा गृहस्थ ७२ किलोचे आणि पत्नी ५८ किलोची, म्हणजे १३० झाले. दोन हेल्मेटे, जाकिटे, बूट मिळून ७ धरा. दोन बाजूंच्या दोन पिशव्या, प्रत्येकी ९ किलो, म्हणजे १८. तंबू आणि पांघरुणे ६. पाणी, हत्यारे, हवा भरायचा पंप, डबा मिळून आणखी ६. एकूण झाले १६७. आणि सगळेजण विसरतात तो भाग पुढेच आहे. पिशव्या टांगायला लोखंडी चौकट बसवावी लागते, तिचेच सहा-सात किलो भरतात. म्हणजे १७४. ज्या गाडीची ताकद दीडशे किलोची आहे ती घेऊन हे जोडपे निघाले तर घरातून बाहेर पडतानाच ते चोवीस किलोने कर्जबाजारी असते. ते कर्ज टायर, मागचे शॉकअप आणि ब्रेक फेडतात, आणि कुठल्या वळणावर फेडायचे थांबतील त्याचा नेम नाही.

वजनाइतकेच महत्त्व ते कुठे ठेवले याला आहे. कावडीने पाणी आणणारा माणूस दोन्ही घागरी सारख्या भरतो आणि त्या खाली लोंबत्या ठेवतो. फटफटीचेही तसेच आहे. जड वस्तू खाली, चाकाच्या आसाच्या जवळ आणि स्वाराच्या जितक्या निकट ठेवता येतील तितक्या. दोन्ही बाजूंना वजन सारखे. मागच्या कॅरियरवर फक्त हलक्या, फुगीर वस्तू, म्हणजे चादरी, जाकिटे वगैरे. कॅरियर मागच्या चाकाच्याही मागे येतो, त्यामुळे तिथे ठेवलेले वजन तराजूच्या दांडीसारखे पुढचे चाक उचलू पाहते. पुढचे चाक हलके झाले की हँडल हलके लागते, वेगात थरथरू लागते, आणि त्या चाकाचा ब्रेक अर्ध्यावर येतो. कॅरियरवर जास्तीत जास्त किती किलो चालते, तेही पुस्तकात दिलेले असते. तो आकडा पाहून पुष्कळांना धक्का बसतो, इतका तो लहान असतो! आमच्या गुरुजींची पेटीच तेवढी भरली असती, आतले सामान बाजूलाच राहो.

ओझ्यानंतर उंची. सीटची उंची मिलिमीटरमध्ये देतात. मिटिऑरची ७६५, हायनेसची ८००, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५, २०२०च्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरची ८५५. ७६५ आणि ८५५ यांत नऊ सेंटिमीटरांचा फरक आहे. कागदावर तो किरकोळ वाटतो, पण उतरत्या रस्त्यावर थांबला असाल तर हाडे शाबूत राहणार की नाही, ते तेवढ्यावर ठरते. उंच गाडीचा फायदा नाही असे नव्हे. दगडधोंड्यांच्या वाटेवर तिचे पोट घासत नाही आणि लांबवर दिसते. पण तुमची उंची बेताची असेल आणि वाट बहुतेक डांबरी असेल तर या फायद्याची किंमत तुम्हीच मोजता. साधी कसोटी सांगतो. पूर्ण ओझे लादून, मागे माणूस बसवून, दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर भक्कम टेकले पाहिजेत. एकच पाय आणि तोही अंगठ्यावर टेकत असेल, तर ती गाडी दुसऱ्या कोणासाठी आहे.

आणि मागे बसणाऱ्याला विचारल्याशिवाय गाडी ठरवू नका. पुढच्याला धरायला हँडल असते, समोर रस्ता दिसतो, त्याला कंटाळा येत नाही. मागच्याला दोनशे किलोमीटर एका हाताएवढ्या सीटवर काढायचे असतात. सीट रुंद आहे का, पाय ठेवायची खुंटी इतकी वर नाही ना की गुडघे छातीला लागतील, धरायला दांडी आहे का, ते पाहा. मागच्यासाठी धरण्याची सोय, पाय ठेवायची जागा आणि निम्मे तरी मागचे चाक झाकणारी जाळी असली पाहिजे, असे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलेलेच आहे. पिशव्यांची चौकट बसवताना गॅरेजवाले ही जाळी काढून टाकतात. काढू देऊ नका. साडीचा पदर, ओढणी, पंच्याचे टोक यांना चाकाच्या तारा फार लवकर ओढून घेतात.

ब्रेकबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०१९पासून आपल्या देशात १२५ सी.सी.च्या वरच्या प्रत्येक नव्या मोटरसायकलला ए.बी.एस. असावे लागते. एकदम ब्रेक दाबला तर चाक अडकून घसरते. ही यंत्रणा चाक अडकतेसे दिसले की ब्रेक क्षणभर सैल करते, पुन्हा धरते, पुन्हा सैल करते, आणि हे सेकंदात कितीतरी वेळा होते. त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही हँडल वळवता येते. कायद्याने एका चाकाला असली तरी भागते. तुम्ही दोन्ही चाकांना आहे अशीच घ्या. पावसाळ्यात कोकणात जांभ्याची लाल माती रस्त्यावर येते, तिचा लेप साबणासारखा असतो.

आता इंजिन. तरुण मंडळी इथूनच सुरुवात करतात, ठाऊक आहे मला! इंजिनाचे दोन गुण वेगळे ओळखायला शिकले पाहिजे, एक त्याची शक्ती आणि दुसरी त्याची ओढ. टांग्याचा घोडा आणि गाडीचा बैल यांच्यात जो फरक, तो इथे. घोडा पळायला लागला की वाऱ्यासारखा, पण चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढायला बैलच लागतो. तो पहिल्या पावलापासून जोर लावतो. पुस्तकात ओढीचा आकडा न्यूटन-मीटरमध्ये देतात आणि त्याच्यापुढे, इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या झाल्या म्हणजे ती ओढ मिळते, ते लिहिलेले असते. २०२०च्या ३९० अ‍ॅडव्हेंचरचे ३७३ सी.सी.चे इंजिन ४३ अश्वशक्तीचे. त्याची ३७ न्यूटन-मीटरची पुरी ओढ मिळते ७००० फेऱ्यांना. हायनेसचे ३४८ सी.सी.चे इंजिन जेमतेम २१ अश्वशक्तीचे, पण त्याची ३० न्यूटन-मीटरची ओढ ३००० फेऱ्यांनाच हाताशी येते. म्हणजे पहिली गाडी शक्तीने दुप्पट आहे, तरीही घाटाच्या वळणावर, तिसऱ्या गिअरमध्ये, दोन माणसे आणि दोन पिशव्या घेऊन हळू चढताना दुसरी कुरकुर करत नाही. पहिलीला गिअर उतरवून फेऱ्या वाढवाव्या लागतात. हिमालयन ४५० या दोघींच्या मधली, ४० न्यूटन-मीटर ५५०० फेऱ्यांना. एकट्याने, मोकळ्या रस्त्यावर, हातात कसब असेल तर घोड्याची मजा निराळीच, हे मी नाकारत नाही. डबलसीट आणि ओझे असेल तर मी बैलाच्या बाजूचा आहे.

कोणी म्हणेल, पण महामार्गावर वेग नको का? तर ऐका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा, त्याच्यावरही दुचाकीला बंदी आहे. राहिले चौपदरी महामार्ग. तिथे मोटरसायकलला केंद्र सरकारने २०१८च्या अधिसूचनेने ताशी ८० किलोमीटरांची मर्यादा घातली आणि साध्या रस्त्यांवर ६० ची. ही मर्यादा २१ अश्वशक्तीची गाडी डबलसीटही आरामात गाठते. ताशी दीडशेची गाडी घेऊन तुम्ही ती पळवणार कुठे?

या सगळ्यात एक सरकारी आकडाही ध्यानात धरावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या मोटरसायकलवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. कराआधीची किंमत दोन लाख धरली तर एकीवर ३६ हजार रुपये कर आणि दुसरीवर ८० हजार. ३४९ आणि ३७३ यांत चोवीस सी.सी.चा फरक, पण करात ४४ हजारांचा! तेवढ्यात दोन चांगली हेल्मेटे, दोघांची जाकिटे, पिशव्या आणि दोन सुट्यांचे पेट्रोल भागून वर काही उरते. हेल्मेटवर आय.एस. ४१५१ची खूण असावी, आणि ते दोघांनाही हवे. मागच्याचे डोके काही निराळ्या मातीचे नसते.

चाकांची गोष्ट खेड्यातल्या माणसाने नीट समजून घ्यावी, कारण इथे शहरातला सल्ला जसाच्या तसा चालत नाही. तारांच्या चाकाला बहुधा ट्यूब असते. ओतीव अ‍ॅलॉय चाकाला ती नसते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, गाडी सावरायला वेळ मिळतो, आणि लहानशी पेटी जवळ असली तर रस्त्याच्या कडेला तुम्ही स्वतः दहा मिनिटांत भोक बुजवू शकता. ट्यूबचे पंक्चर झाले की चाकच उतरवावे लागते. उलट खड्ड्यात जोराचा आपटा बसून अ‍ॅलॉय चाकाला तडा गेला तर गावात कोणी काही करू शकत नाही, आणि तारांचे चाक मात्र वाकले तरी तालुक्याचा जुना मेस्त्री तारा ताणून सरळ करून देतो. डांबरी वाट जास्त असेल तर ट्यूबलेस घ्या. खडीच्या, नदीनाल्याच्या वाटा जास्त असतील तर तारांची घ्या आणि एक ट्यूब बरोबर ठेवा. तारांचे असूनही ट्यूबलेस चाक आता काही गाड्यांना मिळते, पण त्याला पैसे जादा पडतात. टायर नवा म्हणून दिला तरी त्याच्या कुशीवरचे चार आकडे वाचा. ३५२४ असे असेल तर तो २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला.

टाकीचा हिशेब सोपा आहे. पंधरा लिटर टाकी, लिटरला तीस, म्हणजे साडेचारशे किलोमीटर, असे विक्रेता म्हणेल. ओझ्याने आणि घाटाने तीसचे पंचवीस होतात, म्हणजे पावणेचारशे. त्यातले तळाचे थोडे सोडून द्या आणि तीनशेला पंप गाठायचाच असा नेम ठेवा. २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले. हे इथेनॉल आपल्या साखर कारखान्यांतूनही जाते, तेव्हा ऊस लावणाऱ्यांनी त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे जवळजवळ एकतृतीयांश उष्णता कमी असते, त्यामुळे गाडी थोडी कमी पळते, हे खरे आहे. जुनी गाडी विकत घेत असाल, आणि ती एप्रिल २०२३च्या आधी बनलेली असेल, तर तिच्या रबरी नळ्यांना हे मिश्रण चालते का ते पुस्तकात पाहून घ्या.

दुरुस्तीचे ठिकाण किती लांब आहे, हा प्रश्न गाडी पाहायला जाण्याआधीच विचारावा. शंभर किलोमीटरांवर एकच वर्कशॉप असेल तर दर सर्व्हिसला तुमचा एक दिवस आणि एक रजा गेली. तिथे जाऊन तीनच वस्तू मागा: क्लचची केबल, ब्रेकचे पॅड आणि हवेची जाळी. "मागवावी लागेल" असे तिन्हींना उत्तर आले तर गाडी कितीही चांगली असो, ती तुमच्या तालुक्यात अजून आलेली नाही असे समजा. आणखी एक. जुन्या बुलेटला किक होती. बॅटरी मेली तरी पायाने सुरू व्हायची. आताच्या बहुतेक गाड्यांना किक नाही, आणि पेट्रोलचा पंपही विजेवर चालतो. बॅटरी अगदीच मेली असेल तर ढकलूनही उपयोग होत नाही. तेव्हा जादा दिवे, भोंगे, दोन-दोन चार्जर यांचा मोह आवरलेला बरा.

प्रवासाचे म्हणून जे सामान कंपनी किंवा दुकानदार वर बसवून देतात, त्यातले खरे उपयोगी थोडेच. मधला डबल स्टँड मिळत असेल तर पहिल्यांदा तो घ्या; पंक्चर काढताना आणि चेनीला तेल देताना त्याच्यासारखा सोबती नाही. इंजिनाखालचा पत्रा आणि पुढचा क्रॅशगार्ड घ्यावा. समोरची काच उपयोगी आहे, पण तिची वरची कड नेमकी डोळ्यांच्या रेषेत येता कामा नये. बाकीचे पहिला प्रवास करून आल्यावर ठरवा.

शेवटी गाडी चालवून पाहणे. दुकानदार सपाट रस्त्यावर एक फेरी मारू देतो. तेवढ्यावर होकार देऊ नका. ज्याला मागे बसायचे आहे त्याला बरोबर न्या, पिशव्यांऐवजी तांदळाची दोन पोती बांधा, आणि जवळच्या एखाद्या चढावर थांबवून पुन्हा निघून पाहा. वळवून घ्या, हाताने दहा पावले मागे ढकला. मागच्या शॉकअपची स्प्रिंग ओझ्याप्रमाणे घट्ट करता येते, त्यासाठी हत्यारांच्या पिशवीत आकड्यासारखा एक पाना दिलेला असतो. तो आहे का ते पाहा, आणि त्याने एक टप्पा घट्ट करून दाखवायला सांगा. ओझ्याने मागची बाजू दबली की पुढचा दिवा आकाशाकडे पाहू लागतो. रात्री समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता दिसत नाही. दिवा खाली-वर करण्याचा स्क्रू दिव्याच्या आसपास कुठेतरी असतो, पण प्रत्येक गाडीत निराळ्या जागी. तो कुठे आहे, ते पैसे मोजण्याआधी विचारून घ्या.